आधी जमीन, मग लोखंड

सेल लागला की ‘होम जिम कॉम्बो’ नावाचा खोका घरोघरी येऊन पडतो. उघडून बघा. सिमेंटसारखं काहीतरी भरलेल्या पीव्हीसीच्या प्लेटा, तीन फुटी वाकडा रॉड, हातमोजे, उड्या मारायची दोरी, शेकर. दंडावर बेटकुळी काढण्यापुरतं हे सामान ठीक. पण घरातला पोरगा किंवा पोरगी स्नॅच आणि क्लीन अँड जर्क करायचं म्हणत असेल, तर हा खोका आल्या पावली परत पाठवा. त्या रॉडवर क्लीन शिकायला गेलं की आधी मनगट जातं आणि पाठोपाठ हौस.

वेटलिफ्टिंगला आरसा लागत नाही, निळे दिवे लागत नाहीत, भिंतीवर पिळदार पहिलवानाचं पोस्टरही लागत नाही. लागते ती जमीन. आणि घरी जिम थाटणारे सगळ्यात शेवटी बघतात तीही जमीनच.

तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये १०० किलो डोक्यावरून सोडायचे नाहीत. राहत्या घराचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ८७५ प्रमाणे, चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून काढलेला असतो. हा भार माणसांचा, पलंगाचा, कपाटाचा. पडणाऱ्या वजनाचं गणित निराळं. १०० किलो २ मीटरवरून पडले आणि २ सेंटिमीटरांत थांबले, तर जमिनीवर येणारा सरासरी जोर त्या वजनाच्या शंभरपट होतो. १० टन! चांगल्या रबरी बंपर प्लेटा आणि जाड मॅट यांनी थांबण्याचं अंतर ५ सेंटिमीटरवर नेलं, तरी ४ टन उरतातच. दणका क्षणभराचा असतो, पण एका बैठकीत तीस-चाळीस वेळा बसतो. इमारत कोसळेल असं कोणी म्हणत नाही. टाइल फुटतात, खालच्या घराचं प्लास्टर सुटतं, आणि त्या घरात कोणी आजारी माणूस झोपलेलं असेल तर प्रत्येक दणक्याला ते दचकून जागं होतं. पहाटे पाचला हे करणाऱ्याच्या जिद्दीचं कौतुक मला करता येत नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने स्क्वॉट करावा, प्रेस करावी, पुल करावेत, आणि प्रत्येक वेळी वजन हाताने खाली ठेवावं. सोडण्याचं काम तळमजल्यावर. शेतातली पत्र्याची शेड, वाड्याची पडवी, गॅरेज, काहीही चालेल. फरशीखाली पोकळी नको, भरीव माती हवी.

मग वर बघा. बंपर प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर. पाच फूट आठ इंचांच्या माणसाने जर्क डोक्यावर लॉक केला की रॉड २ मीटरच्या वर जातो आणि प्लेटची वरची कड त्याहून साडेबावीस सेंटिमीटर वर. खाली प्लॅटफॉर्मची उंची, बुटांच्या टाचा. सगळं मिळून आकडा आठ फुटांच्या आसपास जातो, आणि आपल्या घरांतले पंखे नेमके तिथेच फिरत असतात. पंखा उतरवा, भिंतीवरचा लावा. फॉल्स सीलिंग केलेल्या खोलीचा विचार सोडूनच द्या. रुंदीचंही तसंच. पुरुषांचा रॉड २२० सेंटिमीटर लांब. दहा बाय दहाच्या खोलीत दोन्ही अंगांना जेमतेम दीड फूट उरतो आणि तेवढ्यातच उभं राहून प्लेट चढवायची असते. भिंतीला कपाट असेल तर ते आधी बाहेर.

स्पर्धेतला प्लॅटफॉर्म ४ बाय ४ मीटरचा असतो. घरी आठ बाय आठ फूट पुरतो, आणि तो करायला सुतारही लागत नाही. १८ मिलिमीटरचे वॉटरप्रूफ प्लाय पाच आणा. दोन शेजारी शेजारी अंथरा, त्यांच्यावर दोन आडवे टाका, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. पाचवा मधोमध, पाय ठेवायला. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट जागा राहते, तिथे रबर. एमडीएफ स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, कोकणात आणि मुंबईत ते एका पावसाळ्यात फुगून वर येईल.

रबरासाठी ‘जिम फ्लोअरिंग’ची पाटी शोधत शहरभर हिंडण्याचीही गरज नाही. दुग्धव्यवसायाचं सामान विकणाऱ्याकडे जा आणि गोठ्याची मॅट मागा. गाईच्या गुडघ्यांना इजा होऊ नये म्हणून घालतात ती. साधारण साडेसहा बाय चार फूट, पंधरा-सतरा मिलिमीटर जाड. चार-पाचशे किलोची संकरित गाय तिच्यावर रोज उठते-बसते. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर पट्ट्यात ती सहज मिळते. एक मॅट मधून उभी कापली की दोन फुटी पट्ट्या दोन. जाडी प्लायच्या जवळपास जुळते. मागेपुढे पाऊण फूट उघडं राहतं, तिथे प्लायचा तुकडा भरा. वजन तिथे पडत नाही.

आता रॉड. पैशातला मोठा वाटा इथे जाऊ द्या, बाकी कशातही काटकसर चालेल. पुरुषांचा २० किलोचा, पकडीला २८ मिलिमीटर. बायकांचा १५ किलोचा, २०१ सेंटिमीटर लांब, पकडीला २५ मिलिमीटर. दोन्हींची टोकं ५० मिलिमीटरची, आणि ती स्वतःभोवती मोकळी फिरली पाहिजेत. क्लीनमध्ये रॉड मांडीवरून खांद्यावर येतो तेव्हा कोपरं क्षणार्धात खालून पुढे वळतात. टोकं फिरत असतील तर प्लेटा मागे राहतात आणि हात रॉडसकट सुटा वळतो. जाम असतील तर त्या वळणात प्लेटांचं सगळं वजनही फिरवावं लागतं, आणि ते ओझं मनगटावर येतं. ‘सात फुटी क्रोम रॉड’ म्हणून गल्लोगल्ली विकतात ती नुसती सळई असते, टोकाला स्प्रिंगचं लॉक. तिचं वजन किती, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. दुकानात रॉड स्टँडवर ठेवायला लावा आणि टोकाला बोटाने फिरकी द्या. खरखर न करता फिरत राहिलं तर पुढचं बोलणं. मग सपाट फरशीवर लोटा. वाकलेला रॉड लंगडत जातो. दुकानदार हे करू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

रॅक मात्र तालुक्याचा फॅब्रिकेटर उत्तम करून देतो. तीन इंची चौकोनी पाईप, भिंत ३ मिलिमीटर, भोकं समान अंतरावर, पाया जमिनीला बोल्टने आवळलेला. मेरठहून मागवलेल्या चकचकीत रॅकपेक्षा तो कमी टिकेल असं समजायचं कारण नाही. त्याच्याकडून रॉड तेवढा करून घेऊ नका. चांगल्या रॉडचं पोलाद वजनाखाली वाकतं आणि पुन्हा सरळ होतं. लेथवर कातलेली साधी सळई एकदा वाकली की वाकली.

रॅकला आडवे सेफ्टी बार हवेतच, आणि ते लावायचेही असतात. व्यायामशाळेत ‘सपोर्ट दे रे’ म्हटलं की कोणीतरी धावतं. बंद दाराआड बेंचवर रॉड छातीवर बसला तर हाक ऐकायला कोणी नसतं. अंगठा रॉडला न गुंडाळता बेंच मारणाऱ्यांना घरी तर मुळीच परवानगी नको, व्यायामशाळेतही नको. सेफ्टी बार नसतील तर एकट्याने जड बेंच करायचं नाही. यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

प्लेटांवर छापलेला आकडा खरा मानू नका. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतली २० किलोची प्लेट फार तर २० ग्रॅम जास्त आणि १० ग्रॅम कमी भरू शकते, त्यापलीकडे ती बाद. बाजारातल्या प्लेटांना असं बंधन कोणी घालत नाही. भुसाराच्या दुकानात काटा असतो, तिथे प्रत्येक प्लेट तोलून घ्या आणि खरं वजन खडूने मागे लिहून ठेवा. एवढी कटकट कशाला, असं वाटत असेल तर सांगलीचा संकेत सरगर आठवा. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने स्नॅचला ११३ आणि क्लीन अँड जर्कला १३५ किलो उचलले. बेरीज २४८. १३९ ला गेला तेव्हा कोपर दुखावलं, तरी तेवढ्याच वजनाला तो पुन्हा उभा राहिला. मलेशियाच्या अनिक कसदानने १४२ उचलून २४९ केले. एका किलोने सुवर्ण गेलं. घरी दोन किलो कमी भरणाऱ्या प्लेटांवर सराव करून ‘माझे शंभर निघतात’ म्हणणारा पोरगा जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्याच लिफ्टला आपटतो, तेव्हा त्याची चूक काय असते?

संकेतची बहीण काजल हिने त्याच वर्षीच्या जूनमध्ये पंचकुल्याच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो गटाचं सुवर्ण घेतलं. पानटपरी चालवणाऱ्या घरातली ही भावंडं. तरीही मुलीने वजन उचललं की उंची खुंटते, हे वाक्य आपल्या दिवाणखान्यांत अजून ऐकू येतं. त्याला काहीही आधार नाही. महिलांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते २००० साली सिडनीला, आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात २४० किलोंचं कांस्य आणलं. भारतीय स्त्रीचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. मीराबाई चानूने टोकियोत ४९ किलो गटात २०२ किलो उचलून रौप्य आणलं. एवढं डोळ्यांसमोर असताना घरी रॉड येतो तो २० किलोचा, कारण ‘भाऊही वापरेल’. हुक ग्रिपमध्ये अंगठा बोटांखाली दाबून धरायचा असतो. लहान हाताला २८ मिलिमीटरवर तो पुरत नाही, २५ वर पुरतो. मुलगी उचलणार असेल तर मुलीचा रॉड आणा. भाऊ १५ किलोच्या रॉडवरही शिकेल.

हातांना लावायचा खडू म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेटची वडी. टाल्कम पावडर लावू नये, पकड सुटते. पावसाळ्यात खडूची धूळ ओल धरते आणि रॉड गंजतो, म्हणून नायलॉनच्या ब्रशने घासून शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा. बूट टणक, उंच टाचेचे. पळायच्या मऊ बुटांवर स्नॅच करणं धोक्याचं.

एवढं सगळं जमलं तरी एक गोष्ट घरात येत नाही. संकेत आणि काजल घरातल्या खोलीत घडले नाहीत. सांगलीच्या व्यायामशाळेत, शिकवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडले. मनमाडसारख्या रेल्वेच्या गावातून लिफ्टर निघतात तेही असेच. रॉड नडगीपासून दोन बोटं लांब गेला, कंबर खांद्यांच्या आधी वर आली, हात वेळेपूर्वी वाकले: हे उचलणाऱ्याला स्वतःला कळत नाही. डोक्यावर वजन घेताना कोपर वाकून मग सरळ झालं तर पंच लाल दिवा देतात, आणि घरच्या खोलीत पंच नसतो. मोबाइल कमरेच्या उंचीवर, बाजूने लावून चित्रीकरण करा, त्याचा उपयोग होतो. पण तो लिफ्ट संपल्यावर दाखवतो, मध्येच ओरडत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी एसटी पकडून प्रशिक्षकाकडे जा. आणि पहिल्या दिवशी वजन टाकायला शिका: स्नॅच पुढे चुकला तर मागे सरायचं, मागे गेला तर पुढे उडी, हात लगेच मोकळे. हे आधी काठीवर, मग रिकाम्या रॉडवर. टाकता येत नाही त्याने डोक्यावर घेऊ नये.

राहिला शहरातल्या जागेचा प्रश्न. बिल्डरच्या पुस्तिकेत ‘सुसज्ज जिम्नॅशियम’ छापलेलं असतं आणि पुष्कळ सोसायट्यांत ती खोली तळमजल्यावरच असते. आत ट्रेडमिल, सायकल, भिंतभर आरसा. आठ बाय आठ फूट मोकळी जमीन नाही! सहकारी गृहनिर्माण संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सभेच्या आधी लेखी विषय द्या: पाच प्लाय, गोठ्याची एक मॅट, २० किलोचा एक आणि १५ किलोचा एक रॉड, १०० किलो बंपर प्लेटा. सोबत नियमही लिहून द्या: सकाळी सातच्या आधी आणि रात्री नवानंतर वजन सोडायचं नाही, आठवड्यातून दोन दिवस प्रशिक्षक. जागा नाही असं उत्तर आलं, तर बंद पडलेली ट्रेडमिल किती फूट अडवून बसली आहे ते मोजून सभेत सांगा.