गच्चीवरची जर्मनी

२५ मार्च २०२० पासून देशाला कुलूप लागलं आणि पुढच्या काही महिन्यांत हिंजवडीतली पुष्कळ पोरं लॅपटॉप काखोटीला मारून मराठवाड्यात परतली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्या गावाला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. जर्मनीचा क्लायंट आता गच्चीवरून बोलणार, एवढाच काय तो फरक.

गच्चीवरूनच, कारण नेटवर्क तिथंच. परभणीतल्या अशाच एका थोरल्याने २०२१ चा उन्हाळा जिन्याच्या सावलीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दोन उशा घालून काढला. खाली बसावं तर कूलर. त्याचा आवाज ऐकून क्लायंटने ‘तुम्ही धबधब्याशेजारी राहता का?’ असं विचारलं होतं. बाहेर पारा चाळिशीपार, वाळ्याच्या जाळीतून थेंब थेंब पाणी. धबधबा म्हणायला हरकत नव्हती.

‘बसायलाच लागलास तर कुरडयांपाशी बस,’ आई म्हणाली. ‘कावळे तरी हाकलशील.’

दिवसभर बसून राहणाऱ्या माणसाला पगार मिळतो, हे तिला पटलं नव्हतं. पण पाठदुखीवर आणि शिणलेल्या डोळ्यांवर तिचाच उपाय लागू पडला. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर नजर टाका, अशी कंपनीची मेल रोज यायची. ती त्याने कधी पाळली नसती. वीस फुटांवर कावळा असला की पाळावीच लागे, वर उठून पळावंही लागे.

मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मिळून सांगितलं, की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असतो. थोरल्याने ते जेवताना वाचून दाखवलं. ‘पंचावन्न?’ बाप म्हणाला. ‘एवढे तर म्हशीलाच जातेत.’

खरी पंचाईत रात्रीची. उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ साडेतीन तास मागे. त्यांचे पाच म्हणजे इथले साडेआठ, नेमकी ताटं वाढायची वेळ. कामानंतर फोन न घेण्याचा हक्क फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आणला. सुप्रिया सुळे यांनी तसंच खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. आईने मात्र ताटावर बसताच लॅपटॉप मिटला. चर्चेविना मंजूर.

हा कायदा सुनेला लागू नव्हता. तीही त्याच कामात, पण तिचा लॅपटॉप गॅसशेजारी. स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाया त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि करणारे पुरुष ९७, असं सरकारची २०१९ ची पाहणी सांगते. म्हणजे हे कुलूप लागण्याआधीचं. इथं विनोदाला जागा शोधून पाहिली, सापडली नाही.

जागा तिनेच काढली. दुपारी चारला कानात हेडफोन घालून, ‘मीटिंग आहे’ म्हणत ती आतल्या खोलीत जायची आणि पंधरा मिनिटं डोळे मिटून पडायची. सासूने दुसऱ्याच दिवशी ओळखलं. तिने खोलीचं दार ओढून घेतलं अन् थोरल्याला दटावलं, ‘हळू बोल, सूनबाईची मीटिंग चालू हाय. चहा ठेव तू.’

पत्ती कोणत्या डब्यात असते, हे विचारायला तो दोनदा त्या दारापर्यंत जाऊन परत आला.