स्प्रेवाल्या काकू

जिम्नॅस्टिक्सची स्पर्धा शालेय असो, जिल्ह्याची असो की एखाद्या नगरसेवकाच्या वाढदिवसाची, हॉलच्या मागच्या दाराशी एक सतरंजी अंथरलेली असते आणि तिच्यावर स्प्रेवाल्या काकू ठाण मांडून बसलेल्या असतात. त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नसतं. मुली त्यांना काकू म्हणतात, मुलींच्या आया काकू म्हणतात, आणि त्यांच्याहून वयाने मोठे असलेले आयोजकही माइकवरून "काकू, जरा सतरंजी आत घ्या" असं बोलून जातात. शेजारी एक डबा. मूळचा तो दिवाळीच्या चिवड्याचा. आता त्यात जेल, बनच्या जाळ्या, यू पिना, लिपस्टिक, काजळ, वाइप्स आणि अगदी तळाशी चमकीच्या बाटल्या. हेअर स्प्रे मात्र डब्यात मावत नाही. तो हातातच असतो, आणि बोलताना काकू तो वाहतूक पोलिसाच्या काठीसारखा वापरतात.

आमच्या काकू द्वारकेच्या. खरं तर काठे गल्लीतल्या, पण पुण्या-ठाण्याच्या आयांना काठे गल्ली काय कळणार, म्हणून बाहेरगावी त्या 'द्वारका' सांगतात. मग समोरची बाई हमखास विचारते, "अय्या, गुजरातहून एवढ्या लांब आलात?"

"नाही हो, नाशिकची द्वारका. आमच्याकडे कृष्ण नाही, चौक आहे."

'चौक' म्हणताना त्यांच्या आवाजात जो दरारा येतो, तो नाशिककरालाच कळेल. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकमेकांच्या अंगावर येतात ती ही जागा. डोक्यावर उड्डाणपूल, पायाखाली पादचाऱ्यांसाठी बांधलेला भुयारी मार्ग, आणि माणसं मात्र मधूनच, ट्रकला हात दाखवत पलीकडे जाणारी. काकूंचं म्हणणं असं, की ज्या पोरीने आईचा हात धरून रोज द्वारका ओलांडली, तिला दहा सेंटिमीटर रुंदीच्या बीमची भीती कशाला वाटेल? काकूंच्या जिम्नॅस्टिक्सविषयीच्या असंख्य मतांपैकी हे एकच मत कोच सरांनी अजून खोडून काढलेलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी काकूंकडे पहाटे चारला दिवा लागतो. स्पर्धा दहाची, तीही इथेच पंचवटीत, मीनाताई ठाकरे स्टेडियमला. पण बन घाईत होत नाही. आधी केस ओले करायचे. मग जेल लावून ते इतके मागे ओढायचे की मुलीच्या भुवया कपाळावर चढतात, आणि आपल्याला नुकतीच कुणीतरी वाईट बातमी सांगितली आहे असा भाव दिवसभर तिच्या चेहऱ्यावर राहतो. मग पोनी, पोनीला पीळ, पिळाचं वेटोळं, वेटोळ्यावर जाळी आणि जाळीत पिना. पिन टोचली की मुलगी "आई गं" म्हणते आणि काकू "बसली" म्हणतात. शेवटी स्प्रे. स्प्रे निघाला की आजींनी निरांजन विझवून देवघराचं दार ओढून घ्यायचं, असा घरचा दंडक आहे. तो का पडला, ते विचारायची सोय नाही.

हेल्मेट हा बनचा जन्माचा वैरी. २०२१च्या १५ ऑगस्टपासून नाशकात 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' सुरू झालं, तेव्हा वैतागलेल्या मंडळींत काकू आघाडीवर होत्या. आज चालवणाऱ्याच्या डोक्यावर आलंय, उद्या मागे बसणारीच्या बनवर येईल, ही त्यांची धास्ती. तेव्हापासून स्पर्धेच्या दिवशी स्कूटर बंद, रिक्षा. आणि रिक्षाच्या दोन्ही बाजूंना ओढण्या बांधायच्या. द्वारकेची धूळ आत आली तरी चालेल. वारा येता कामा नये.

मेकअपचं शिक्षण काकूंनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये घेतलं. कोळीनृत्य असो की शिवराज्याभिषेक, सर्वांत मागच्या रांगेत उशिरा येऊन बसलेल्या मामालाही आपली भाची ओळखू आली पाहिजे, हे त्या घराण्याचं मूळ तत्त्व. त्यामुळे गालावर गुलाबी, ओठांवर लाल, पापणीवर निळं आणि या सगळ्यावर चमकी. ही चमकी काकू स्वतः मेन रोडला जाऊन घेतात. दुकानदार भारीतली दाखवतो, काकू जास्तीतली घेतात.

इथून पुढे नियमांचा प्रांत सुरू होतो आणि तिथे सतरंजीवर रोज नवं खंडपीठ बसतं. "परवा पुण्याला चमकीचे पॉइंट कापले म्हणे." कुणाचे कापले? ते कुणालाच माहीत नसतं. कुणाच्या तरी जावेने सांगितलेलं असतं. "नेलपॉलिश चालतं, पण फिकं." "टिकली नाही चालत." "चालते, पण चिकटवलेली नाही चालत." मग काय गोंदवलेली चालते? असं मी एकदा विचारलं, तर माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

खरा नियम सांगायचा तर आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पुस्तकात ऱ्हिदमिक प्रकारासाठी केस नीटनेटके आणि मेकअप स्वच्छ व हलका असावा, असं म्हटलेलं आहे. हलका म्हणजे किती हलका, ते मोजायचा काटा मात्र सोबत दिलेला नाही. काकूंची मुलगी आर्टिस्टिकमध्ये. तिथल्या पुस्तकाचा जीव पोशाखात अडकलेला: तो पारदर्शक नको, मांडीकडचा काप ठरलेल्या रेषेच्या वर नको, आणि चुकलात तर ०.३० गुण वजा. एवढ्या भांडवलावर आमच्या आया सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत वाद घालू शकतात.

काकूंच्या विरोधी पक्षनेत्या कॉलेज रोडच्या. लेकीला साधा बन, काळी रबरबँड आणि वर "मुलांचा चेहरा मुलांचाच राहू द्यावा" हे वाक्य. बाईंचा अभ्यास दांडगा. "काकू, २०१६ला रिओमध्ये दीपा कर्माकरचं ब्राँझ किती फरकाने गेलं माहितीये? फक्त ०.१५०. आणि पोशाखाच्या एका चुकीला त्याच्या दुप्पट कापतात. एवढ्याशासाठी कशाला धोका घ्यायचा?"

काकूंनी स्प्रे खाली ठेवला. "दीपाने चमकी लावली होती का?"

"नाही बहुतेक."

"मग? लावून बघायला काय हरकत होती?"

बाई हटल्या नाहीत. त्यांनी थेट १९७६चं माँट्रियल काढलं. नादिया कोमानेची, वय १४, केसांत नुसती रिबीन, आणि ऑलिम्पिकच्या इतिहासातले पहिले दहापैकी दहा. गुणफलकावर दहा दाखवायची सोयच नव्हती, म्हणून तिथे १.०० असं उमटलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "बघा. साधं राहिलं की दहाचे एक दिसतात."

पॅरिसच्या वेळी, २०२४ला, काकूंना बाहेरूनच रसद मिळाली. अमेरिकेच्या मुलींच्या एकेका लिओटार्डवर दहा हजारांच्या घरात खडे, ही बातमी त्यांनी फोनमध्ये जपून ठेवली आहे आणि मागितली नाही तरी दाखवतात. "ते खडे कपड्यावर आहेत, चेहऱ्यावर नाहीत," असा बाईंचा आक्षेप. "म्हणजे चेहरा स्वस्तातच पडला की!" हा काकूंचा निकाल.

काकूंचे सासरे तिसऱ्या पक्षाचे. ते जुने मल्लखांबवाले. नातीला सोडायला म्हणून येतात आणि भिंतीला टेकून बोलत राहतात. "बाळंभटदादा देवधर आपल्या कोठुऱ्याचे. गडावर सप्तशृंगीपुढे बसले आणि माकडांच्या उड्या बघून मल्लखांब उभा केला, असं सांगतात. पेशव्यांच्या दरबारात निजामाचे पैलवान लोळवले. लावली होती का कुणी लिपस्टिक?" त्यांच्या काळचा मेकअप म्हणजे लाकडाला एरंडेल आणि अंगाला घाम. मल्लखांबावर मुली आल्या तेव्हा हेच आजोबा नाकं मुरडत होते, अशी माहिती आजींनी मला खाजगीत दिली. ती इथे देऊ नये खरं तर.

कोच सर या कशातच पडत नाहीत. त्यांचं एकच मागणं: चमकी हाताला लागू देऊ नका. हाताला लावायची पांढरी पूड म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. तिचं काम घाम शोषून पकड देण्याचं. त्या एका परातीत पंधरा मुली हात घालतात. एकीची चमकी दुपारपर्यंत पंधराजणींच्या तळव्यांवर, तिथून बारवर, बारवरून मॅटवर. प्लॅस्टिकचे हे कण झाडूला दाद देत नाहीत. आमच्या हॉलच्या मॅटवर अजूनही काही ठिकाणी लखलख दिसते. जुने पालक ती कुठल्या वर्षीची, ते सांगू शकतात.

आणि गेल्या हिवाळ्यात व्हायचं ते झालं. बीमवर चढण्याआधी काकूंच्या लेकीने घाम पुसला आणि पापणीवरची चमकी डोळ्यात गेली. पोरगी द्वारकेची, तिने तक्रार केली नाही. एक डोळा मिटून तिने बीमची अर्धी लांबी पार केली. प्रेक्षकांना वाटलं, नृत्यदिग्दर्शनातच आहे. दोघातिघांनी टाळ्याही दिल्या. गिरकीला मात्र एका डोळ्याचा हिशेब चुकला आणि ती सव्वा मीटरवरून गादीवर आली. पडल्याचा पूर्ण एक गुण गेला. लागलं काही नाही. काकूंनी आधी बीम ओलसर असल्याचं जाहीर केलं, मग दिव्याच्या प्रकाशाला दोष दिला, मग गप्प झाल्या. काकू गप्प झाल्याचं पाहून सरांनाच घाबरायला झालं.

पुढच्या स्पर्धेच्या परिपत्रकात नवीन ओळ होती: 'स्पर्धकांचा मेकअप सौम्य असावा, चमकी वापरू नये.' आता हे तपासणार कोण? पंचांना वेळ नाही आणि सरांना धीर नाही. आयोजकांनी बराच विचार करून ते काम काकूंकडे दिलं. यातला बेरकीपणा ओळखून मी त्या आयोजकांना मनातल्या मनात नमस्कार केला.

काकूंच्या गळ्यात 'स्वयंसेवक'चं ओळखपत्र आलं आणि त्यांनी पहिला वाइप स्वतःच्या मुलीच्या गालावर फिरवला. मग रांग लागली. त्या एकेकीची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवत, डोळे बारीक करत. "हे काय? लिपबाम? लाल लिपबाम कधीपासून मिळायला लागला? पूस." ज्या बाटल्या त्यांनी स्वतः आयांना वाटल्या होत्या, त्या त्यांनी बरोबर ओळखून जप्त केल्या. कॉलेज रोडच्या बाईंच्या मुलीलाही सोडलं नाही. तिच्या पापणीवर मस्कारा निघाला. बाई म्हणाल्या, "नैसर्गिक आहे." काकूंनी वाइप दाखवला. तो काळा होता.

अडलं ते एका आजीबाईंपाशी. नातीच्या कानामागे त्यांनी काजळाची तीट लावली होती आणि ती पुसू द्यायला त्या तयार नव्हत्या. "हा मेकअप नाही, ही दृष्ट आहे." खंडपीठात प्रथमच शांतता पसरली. काकूंनी परिपत्रक दोनदा वाचलं. "कानामागे चालेल," त्या म्हणाल्या, "चेहरा गालापर्यंतच." अर्ध्या तासात निम्म्या मुलींच्या कानामागे तीट आली.

काम आटोपून काकू गॅलरीत माझ्या शेजारी येऊन बसल्या, स्प्रेसकट. खाली आमच्या क्लबच्या आठ मुली ओळीने उभ्या. एकसारखे मरून लिओटार्ड, एकसारखे बन, पुसून काढलेले स्वच्छ चेहरे. नाव 'चेस्ट नंबर', पण तो लावतात पाठीवर, आणि मुली तर आमच्याकडे तोंड करून उभ्या. काकू पुढे वाकल्या. चष्मा पुसला. पुन्हा वाकल्या.

"आपली कुठली हो?"

मी डावीकडून तिसरी म्हणालो. त्या म्हणाल्या, छे, ती एवढी उंच नाही. तेवढ्यात पहिली मुलगी मॅटवर गेली आणि काकूंनी, हीच असली तर पंचाईत नको म्हणून, जोरात टाळ्या वाजवल्या. दुसरीलाही वाजवल्या, तिसरीलाही. पाचवी कॉलेज रोडची निघाली. तिलाही वाजवून झाल्या होत्या. बाईंनी मागे वळून आश्चर्याने पाहिलं. काकूंनी त्यांना मान डोलावून दाखवली आणि मला हळूच म्हणाल्या, "त्या परिपत्रकात एक ओळ वाढवायला हवी. एका पापणीला चालेल, असं काहीतरी."