पायाचं म्हणणं

अंगाच्या सगळ्या अवयवांत पाऊल सर्वांत कमी बोलतं. डोकं दुखलं की घरभर कळतं, पोट बिघडलं की शेजारीपाजारी कळतं, आणि गुडघ्यांची तर आमच्या वयाच्या बायकांत रोज सकाळी सभाच भरते. पावलाच्या वाट्याला तेवढी कीर्ती नाही. २६ हाडं, ३३ सांधे आणि वर उभी असलेली अख्खी बाई एवढा संसार सांभाळून ते संध्याकाळी जरासं सुजतं, रात्री उतरतं आणि सकाळी पुन्हा चपलेत शिरतं. तक्रार करायचीच झाली तर एखादा फोड, एखादी भेग. तीही लेखी, तोंडी काही नाही. अशा अबोल जिवाला दुकानातल्या दिव्यांच्या झगमगाटात, चारचौघांत, “कसं वाटतंय?” असं विचारलं तर ते बिचारं काय सांगणार? रोजच्या वापराचे, पायाला सुखाचे असे धावण्याचे बूट घ्यायला निघालेल्या बाईची खरी अडचण ही आहे. किंमत, रंग, कंपनी हे सगळं त्यामानाने सोपं.

सकाळी पुण्याच्या तळजाई टेकडीवर गेलं की बायकांच्या पायांत केवढी क्रांती होऊन गेली आहे ते दिसतं. पाचवारी साडी, कानांवरून घेतलेला स्कार्फ आणि खाली पोपटी लेसचे बूट. घोट्यापर्यंत परंपरा आणि घोट्याखाली बंड. या बायका झपझप चालतात, उतार लागला की चार पावलं पळतात, समोरून कोणी ओळखीचं आलं की पुन्हा चालू लागतात. माझंही तेच. माझं पळणं हे पळणं आहे की नाही, हे बघणाऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून असतं. त्यामुळे दुकानातल्या मुलाने “काकू, पळायला हवेत की चालायला?” असं विचारलं तेव्हा मी जरा गप्पच झाले. एखाद्या साधूने वाटेत अडवून विचारावा असा तो प्रश्न होता. “दोन्हीच्या मधलं काही आहे का?” मी म्हटलं. होतं. हल्ली दोन्हीच्या मधलं सगळं मिळतं, फक्त ते दोन्हींपेक्षा महाग असतं.

मग नंबर. मी पाच म्हटलं, तर त्याने खोक्यावरची चिठ्ठी पुढे केली. त्या चिठ्ठीप्रमाणे माझं पाऊल इंग्लंडात ५, अमेरिकेत ७ आणि युरोपात ३८ होतं. ज्या पावलाने कधी समुद्र ओलांडला नाही त्याची तीन ठिकाणी तीन नावांनी नोंद झालेली पाहून मला उगीच मोठेपण आलं. आपल्या दुकानांत चालतो तो इंग्रजी नंबर. तो मुळात जवाच्या दाण्यावर बेतलेला: ३ दाणे म्हणजे १ इंच, आणि एका नंबरातून दुसऱ्या नंबरात जायचं म्हणजे एक दाणा ओलांडायचा. जवाशी आपलंही वाकडं नाही, आपल्या जुन्या मोजणीत ८ यवांचा एक अंगुळ होताच. पण ४ नंबरच्या, शोकेसमधून हाक मारणाऱ्या सँडल्ससाठी लग्नकार्यांत जे जे सोसलं, ते सगळं एका जवाच्या हट्टापायी, हे कळल्यावर हसावं की पाय चोळावेत ते समजेना.

हा परका नंबर आपल्या पायांना कितपत लागू पडतो, हे चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने रीतसर पाहिलं आहे. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर फिरून त्यांनी लाखाच्या वर लोकांची पावलं यंत्रावर मोजली. निघालं ते असं, की आपली पावलं गोऱ्या लोकांच्या पावलांपेक्षा रुंद आहेत. आपण अरुंद बुटात शिरायचं म्हणून नंबर वाढवत राहतो, आणि मग बूट लांबीला मोठा होतो. त्यावर उपाय म्हणून भारतीय मापांची एक नवी पद्धतही सुचवली गेली, तिचं नाव ‘भा’. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट चटका लावून गेली. आपल्याकडे मुलीचं पाऊल साधारण अकराव्या वर्षापर्यंत वाढून घेतं. म्हणजे मी आठवीत असताना शनिवारच्या कवायतीसाठी आईने जे पांढरे कॅनव्हासचे बूट एक नंबर मोठे घेतले होते, “वाढत्या पायाचे असू देत” म्हणून, त्यांच्यासाठी वाढायला माझ्याकडे पाऊलच शिल्लक नव्हतं. पुढच्या टोकात कापसाचा बोळा, वरून ओला सफेदा, आणि वाळला की प्रत्येक पावलागणिक उडणारा पांढरा धुरळा. त्या बोळ्याच्या जागी कधीतरी मी येईन, असं आईला मनापासून वाटत होतं. आयांचा आशावाद असा नेहमी अंगठ्याच्या पुढे एक नंबर असतो.

अर्थात नंतर पाऊल वाढलंच, फक्त कारण वेगळं होतं. गरोदरपणात शरीराचे बंध सैलावतात, वर वजन वाढलेलं असतं, आणि पावलाची कमान किंचित खाली बसते. पाऊल त्यामुळे थोडं लांबतं, आणि पुष्कळदा ते परत पूर्वपदावर येत नाही. पोट उतरतं, केस परत येतात, पाऊल तेवढं दिलेला शब्द पाळतं. माझा मुलगा आता दूरच्या शहरात असतो, फोनवर “जेवलीस का” एवढं विचारतो आणि कामाला लागतो. पण त्याने येताना दिलेला अर्धा नंबर अजून माझ्याजवळ आहे. दुकानातला मुलगा म्हणाला, “हाफ साइज नाही येत काकू या मॉडेलला.” मला त्याला सांगावंसं वाटलं की माझ्याकडे आहे, तुमच्याकडे नसली तरी.

बायकांच्या भिंतीवर रंग होते गुलाबी, अबोली, जांभळ्याच्या आसपासचे. पुरुषांच्या भिंतीवर काळा, करडा आणि निळा. यामागे इतिहास आहे. स्त्रीची टाच तिच्या चवड्याच्या मानाने साधारणपणे अरुंद असते, पण कितीतरी वर्षं बायकांचा खेळाचा बूट म्हणजे पुरुषाच्याच साच्याची लहान प्रत, वर गुलाबी पट्टा. त्याच्याही आधी तर तेवढंही नव्हतं. १९६६ साली बॉबी गिब नावाची तरुणी बॉस्टन मॅरेथॉन पळाली, बायकांना मनाई असताना, सुरुवातीच्या रेषेजवळच्या झुडपात लपून राहून. तिने सराव केला तो नर्सबाईंच्या पांढऱ्या चामडी बुटांत, आणि शर्यतीला घातले ते मुलग्यांचे, पायाला फोड आणणारे. ३ तास २१ मिनिटांत ती पोहोचली, निम्म्याहून जास्त पुरुषांच्या आधी. बायकांना ऑलिंपिकची मॅरेथॉन पळू द्यायला जगाने त्यानंतर १९८४ साल उजाडू दिलं. जग बुटांत पाय घालायला तसा वेळच लावतं.

आपण तर बूट नसण्याच्याच प्रेमात असतो. बारामतीच्या लताबाई करे साठी ओलांडलेल्या असताना नवऱ्याच्या उपचारांसाठी नऊवारीत, अनवाणी पळाल्या आणि शर्यत जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, आपण सगळ्यांनी डोळे पुसले. जलपायगुडीच्या स्वप्ना बर्मनच्या दोन्ही पावलांना सहा-सहा बोटं. साध्या बुटांत ती मावत नसत, पाय दुखत असत, तरी तिने २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सात खेळांच्या हेप्टॅथलॉनमध्ये सुवर्णपदक घेतलं. तिच्या मापाचे बूट तिला मिळाले ते पदकानंतर. अनवाणी पळणाऱ्या बाईचं कौतुक करायला आपल्याला मनापासून आवडतं. तिचं माप घ्यायला कोणी वाकायचं, एवढाच प्रश्न असतो.

माझं माप घ्यायला तो मुलगा वाकला. खरं तर बूट संध्याकाळी घ्यावेत, पाऊल दिवसभरात जेवढं फुगायचं तेवढं फुगलेलं असतं म्हणून. आणि बाईला संध्याकाळ कधी मोकळी असते हे बूट बनवणाऱ्यांना कोणी सांगितलेलं नसतं. दोन्ही पावलं मोजावीत, कारण त्यांतलं एक बहुधा किंचित मोठं असतं, आणि मान मोठ्याचा ठेवावा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, बोटांना पियानो वाजवता यावा. माझ्या जोडव्यांनी इथे हरकत घेतली. मोज्याच्या आत जोडवं शेजारच्या बोटाला सारखी कोपरखळी मारतं. साच्याच्या कोणत्याही नकाशात त्याची नोंद नाही. मुलगा क्षणभर तिकडे बघून म्हणाला, “माझ्या आईने काढून ठेवलीत. फक्त सणाला घालते.” मग जरा थांबून आवाज खाली आणत, चोरीचा माल दाखवावा तसा, “जेंट्समधला एक दाखवू का? पुढे रुंद आहे.”

तो करडा होता, गुलाबीचा मागमूस नसलेला. पुढे बोटं पसरली, पण मागे टाच सुटत होती. तेव्हा त्याने अगदी वरच्या, आपण कधीच न वापरलेल्या त्या शेवटच्या भोकात लेस आतल्या बाजूने ओवून एक छोटा फास ठेवला, दुसऱ्या बाजूला तसाच, मग टोकं एकमेकांच्या फासांतून ओढून घेतली. टाच जागच्या जागी बसली. हे सगळं एक गुडघा जमिनीला टेकवून, मान खाली घालून. आपल्या बुटाची लेस दुसऱ्या कोणी बांधल्याला किती काळ लोटला, हे आठवायला लागले आणि आठवण कवायतीच्या मैदानापर्यंत मागे गेली. आणि मग त्याने वर बघून विचारलं, “कसं वाटतंय?”

“बरं आहे,” मी म्हटलं. हे उत्तर माझ्याकडे तयारच असतं. तापात, प्रवासात, भावजयीने केलेल्या श्रीखंडाबद्दल, मी तेच देते. दुसऱ्याला कुठे टोचतंय हे मला खोलीच्या दारातून कळतं, आणि स्वतःला कुठे टोचतंय हे विचारलं की मी पंख्याकडे बघते. शेजारच्या बाकावरची बाईही तेच करत होती, तिने बुटाचा तळ अंगठ्याने दाबून पाहिला, हापूस पाहतात तसा, आणि नवऱ्याला विचारलं, “बरे वाटतायत ना?” त्याने मान डोलावली. पाय तिचे होते.

गंमत अशी की विज्ञानही फिरून फिरून याच प्रश्नापाशी आलं आहे. एकेकाळी सांगत, ओलं पाऊल फरशीवर उठवा, कमान किती ते बघा आणि त्याप्रमाणे बूट घ्या. गौरीची पावलं काढणाऱ्या आपल्या आज्यांना हा सल्ला फार पटला असता. मुठीची कड टेकवून काढलेल्या त्या पावलाच्या कमानीला कोणताही पायतज्ज्ञ पैकीच्या पैकी गुण देईल. पण अमेरिकेच्या सैन्यदलांत असे ठशांवरून वाटलेले बूट घालून पाहिले, दुखापतींत फारसा फरक पडला नाही. कॅलगरी विद्यापीठातल्या बेनो निग यांच्या गटाने सैनिकांना बुटात घालायचे निरनिराळे तळ दिले आणि स्वतःला आवडेल तो निवडायला सांगितलं. वेगवेगळ्यांनी वेगवेगळे निवडले, आणि आपापल्या निवडीचे तळ घालणाऱ्यांची दुखणी इतरांपेक्षा कमी निघाली. २०१५ मध्ये त्यांनी सरळच मांडलं, की ज्या पायाला जो बूट सुखाचा वाटतो तो त्याने घ्यावा. एवढी यंत्रं, एवढा फोम, टाच आणि चवडा यांच्या उंचीतल्या फरकाचा मिलिमीटरमधला हिशोब, आणि शेवटी सल्ला काय, तर पायाला विचारा. ज्यांना आयुष्यात कोणी विचारलं नाही अशांना हा सल्ला सर्वांत कठीण.

म्हणून मी दुकानात फेऱ्या मारल्या. फरशीवर, पायपुसण्यावर, उंबऱ्यावरून रस्त्याकडे दोन पावलं पळून. पळताना प्रत्येक पावलावर वजनाच्या दुपटी-तिपटीचा भार येतो. तेवढा आल्याशिवाय पाऊल खरं बोलत नाही. तिसऱ्या फेरीला ते बोललं. उजव्या करंगळीपाशी, शिवणीच्या जागी, काहीतरी होतं. फार नाही. नेहमीची मी ते ‘होईल सैल’ म्हणून घरी घेऊन गेले असते. “इथे टोचतंय,” मी म्हटलं, इतक्या मोठ्याने की शेजारच्या बाईनेही आपले बूट काढले. मुलगा न कुरकुरता दुसरा जोड घेऊन आला, शिवण नसलेला, तोही करडा. त्यात पाऊल काहीच बोललं नाही, आणि ही शांतता नेहमीची नव्हती हे दोघांनाही कळलं.

तो म्हणाला, आतला फोम ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो, मग वरून बूट नवा दिसला तरी दाबला गेलेला असतो, बदलायचा. माझ्या वेगाला ती मुदत बरीच लांबची आहे, पण कधीतरी पुन्हा त्या बाकावर बसायचंच आहे. तेव्हा तयारी असावी म्हणून कुठे कुठे टोचतं याची यादी एका वहीत करायला घेतली. सुरुवात बुटांपासून केली होती. आता पान उलटून पुष्कळ पुढे आले आहे, आणि बुटांचा विषय पहिल्या तीन ओळींतच संपला होता.