पहाटेच्या परमभक्तास खुले पत्र

परमआदरणीय पुष्पप्रेमी महोदय,

साष्टांग नमस्कार वि. वि. पत्रास कारण की, आपले आभार मानायचे कधीचे राहून गेले आहेत. पहाटे भिस्तबाग चौकाकडून फिरत येताना आपण न चुकता आमच्या कुंपणाशी थांबता आणि जास्वंदीचा भार हलका करता. एवढी आस्था आमचे सख्खे नातलगही दाखवत नाहीत.

आपली तयारी पाहून तर ऊर भरून येतो. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात काठीला तार बांधून केलेली आकडी! परवा फूल हाती लागेना, तर आपण फांदीच ओढून मोकळे झालात. छाटणीला माळी हल्ली किती पैसे घेतो! आपण ती फुकट केलीत.

रविवारी आम्ही दोघं आपल्याच सेवेत असतो. दळण टाकायचं, भाजी घ्यायची, इस्त्रीचे कपडे आणायचे आणि येताना रोपवाटिकेतून शेणखताचं पोतं. पाइपलाइन रोडच्या गर्दीत हे स्कूटर चालवतात आणि मी मागे ते पोतं सांभाळत मनाला समजावते, देवाचंच काम आहे. कुणाच्या देवाचं, ते आपण ठरवलेलंच आहे.

घरी आल्यावर हे आळी करतात, मी खुरपते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला, की लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून पान न् पान उलटून फवारायचं. आपल्या देवाला किडकं फूल जायला नको, ही काळजी आम्हाला. आपण निवांत झोपा. पहाटे उठायचं असतं.

पाण्याचीही चिंता नसावी. मुळा धरणातून विळदला, तिथून वसंत टेकडीच्या टाकीत आणि मग आमच्या नळाला ते येईल तेव्हा हे बादल्या घेऊन उभे असतात. निजामशाहीत इथल्याच भिस्तबागेला बाहेरून पाणी आणलं होतं म्हणे. तिथे आकडी घेऊन शिरायची कुणाची छाती झाली नसती. आपल्याला मात्र आम्ही लाभलो!

जास्वंदीचं फूल एका दिवसाचंच, हे ओळखून आपण उद्याच्या कळ्याही आजच नेता. केवढी ही दूरदृष्टी! आमचा देवघरातला गणपती दूर्वांवर भागवतो. माळीवाड्याच्या विशाल गणपतीला जाताना आम्ही हार विकत घेतो, घरी बाग असून.

ह्यांनी एकदा हटकलं, तेव्हा आपण हसून म्हणालात, “देवासाठीच नेतो हो, पुण्य तुम्हालाही लागेल.” हे हिशेबी गृहस्थ आहेत. तेव्हापासून विचारतात, पुण्य जमा झाल्याची पावती कुठे मिळते?

आता एकच विनवणी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीचा माल पाच हजारांहून कमी किमतीचा असेल, दोषी ठरण्याची पहिलीच वेळ असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. एवढ्यासाठी कोर्टाला कशाला त्रास? आपण येत्या रविवारी सकाळी सातला या. आकडी घरी ठेवा, फाटकातून आत या. खुरपं आम्ही देऊ, शेणखताचं पोतं स्कूटरवरून उतरवायला आपला एक हात द्या. दोन वाफे खुरपून झाले, की परडीभर फुलं मी स्वतः तोडून देईन. तेवढ्या कळ्या मात्र झाडावर राहू द्या.

आपली कृपाभिलाषी,
सावेडीतील एक बागवाली
(ह्यांच्यासह)