रोजचीच पौर्णिमा

मेलबर्नहून ॲडलेडला मोटारीने जाताना सव्वासातशे किलोमीटरांत बघण्यासारखं फार थोडं येतं, पण जे येतं ते अवाढव्य असतं. विमेरा भागात शिरलं की आधी गहू, मग आणखी गहू, सप्टेंबर असेल तर डोळे दिपवणारा पिवळा कनोला, आणि वाटेत डॅडस्वेल्स ब्रिज नावाच्या वस्तीपाशी 14 मीटर उंचीचा कोआला.

"हा कशासाठी बांधलाय?" ताईने विचारलं.

"लोकांनी थांबावं म्हणून," भाचा म्हणाला.

आमचं थांबून, उतरून, फोटो काढूनही झालं होतं. त्यामुळे यावर कुणी काही बोललं नाही.

ताईने बांधून घेतलेल्या दशम्या भावजींनी बॅलरॅट यायच्या आतच संपवल्या होत्या. पुढे एका गावात गाडी वळवली तेव्हा पावणेदोन वाजले होते आणि भाच्याचा जीव टांगणीला लागला होता. इथल्या लहान गावांत दोनला स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद. खुद्द पंतप्रधान आले तरी त्यांना पेट्रोल पंपावर जाऊन चिप्स खाव्या लागतील. गाव नेहमीचंच. गरजेच्या दुप्पट रुंद रस्ता, महायुद्धात गेलेल्या पोरांचं स्मारक, दोन पब, धान्याचे उंच सायलो. आणि एकाच पाटीवर अर्ध्या भागात 'बेकरी', उरलेल्या अर्ध्यात 'व्हिएतनामी रेस्टॉरंट'.

आत डाव्या हाताला काचेच्या गरम कपाटात मीट पाय आणि सॉसेज रोल, शेजारी खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन. उजव्या हाताला टेबलं, आणि तिथे रुंद काठाच्या टोप्या बाजूला ठेवून शेतकरी मंडळी फो ओरपत बसलेली. फो म्हणजे गोमांसाची हाडं चक्रीफूल, दालचिनी आणि भाजलेलं आलं घालून तासन्‌तास उकळायची, त्या रश्श्यात तांदळाच्या शेवया सोडायच्या, वर मोड आलेले मूग आणि हिरवा पाला. एक लालबुंद मानेचा गृहस्थ जाडजूड बोटांनी एकेक पान खुडून वाडग्यात टाकत होता.

"तुळस!" ताई माझ्या कानाशी म्हणाली.

"सब्ज्याची जात आहे ती."

"जात कुठलीही असो. टाकतोय कशावर ते बघ."

दाराशी, थेट फरशीवर, एक लाल देव्हारा होता. त्यात एक पांढऱ्या दाढीचा धनाचा देव आणि एक ढेरपोट्या, हसरा, जागेचा राखणदार. पुढ्यात संत्री, उदबत्ती आणि एका चिमुकल्या कपात काळी कॉफी. देव जमिनीवर ठेवलाय हे ताईला पटलं नाही; देवाला कॉफी मिळते हे भावजींना फारच पटलं. तरी ताईने वाकून नमस्कार केला, आणि तो गल्ल्यामागच्या आजीबाईंनी पाहिला. पुढचं सगळं रामायण त्या नमस्कारामुळे घडलं.

भावजींचा शाकाहार मुंबई विमानतळापर्यंतचा. त्यापलीकडे ताईने बघायचं नाही अशी बोली आहे. गवती चहात मुरवलेल्या चिकनवर त्यांची नजर केव्हाच जाऊन बसली होती. पण ऑर्डर द्यायला ताई पुढे झाली आणि म्हणाली, "व्हेजिटेरियन."

गल्ल्यावरची नात पक्की ऑस्ट्रेलियन हेल काढून बोलणारी. तिने आजीला सांगितलं, आजीने काहीतरी विचारलं. "आजी म्हणते, आज पौर्णिमा नाहीये." तिकडचे बरेच बौद्ध भाविक अमावास्या-पौर्णिमेला मांसमच्छी वर्ज्य करतात.

"मी रोजच," ताई म्हणाली. "जन्मापासून."

भाषांतर झालं. आजीबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली, गल्ल्याला वळसा घालून त्या बाहेर आल्या आणि त्यांनी ताईचे दोन्ही हात धरले. त्यांच्या हिशेबाने रोज शाकाहारी राहायचं ते मठातल्या भिक्षूंनी आणि भिक्षुणींनी. मग त्यांनी भावजींकडे पाहिलं.

"हेसुद्धा," ताई म्हणाली.

भावजींनी उघडलेलं तोंड मिटलं. मी पोर्क रोल आधीच सांगून बसलो होतो, त्यामुळे माझ्या मोक्षाची कुणी चौकशी केली नाही.

तो रोल मी मरेपर्यंत विसरणार नाही. पहिल्या घासाला पावाचं कवच चरचरून फुटलं आणि शर्टभर सांडलं. आत लिव्हरच्या पॅटेचा हात, डुकराचं मांस, काकडी, कोथिंबीर, मिरची, गाजर-मुळ्याचं आंबटगोड लोणचं. गोव्यातून पोर्तुगीज गेले नि पाव राहिला, तसे व्हिएतनाममधून फ्रेंच गेले नि हा राहिला. 30 एप्रिल 1975ला सायगॉन पडलं, पुढच्याच वर्षी निर्वासितांची पहिली होडी डार्विनला लागली, आणि गोऱ्यांखेरीज कुणाला न घेण्याचं धोरण 1973 साली गुंडाळलेल्या या देशाने हजारोंना आत घेतलं. कणीक मळायला इंग्रजी लागत नाही, पहाटे उठणारी माणसं लागतात. गावोगावचे जुने बेकर थकले, त्यांची पोरं शहरांत गेली, आणि कितीतरी भट्ट्या या लोकांनी घेतल्या. ऑस्ट्रेलियन माणूस ज्या मीट पायवर राष्ट्रगीताइतकं प्रेम करतो, तो अशा गावांत आता यांच्या हातचा असतो. आणि चांगला असतो.

ताईचं ताट आलं. माशाचा सॉस काढून सोया घातलेला, टोफू, मशरूम, शेवया. पाहुणचारात कुठे उणं नव्हतं. फक्त मठाच्या नियमाने कांदा-लसूणही गाळला होता. चातुर्मासातसुद्धा ताईने आजवर कांदा सोडलेला नाही. तो इथे विमेरात, भर चातुर्मासात सुटला. संतपद मिळाल्यावर कांदा मागणार कसा? तिने बशीतल्या सगळ्या मिरच्या संपवल्या आणि वर लॅमिंग्टन खाल्ला. केकमधलं अंडं दिसत नाही, म्हणून ते ताईच्या लेखी नसतं.

"जरा पाय मोकळे करतो," म्हणून भावजी उठले ते थेट पायच्या कपाटाशी. बोट चिकनच्या पायवर टेकतंय न टेकतंय तोच आजीबाई धावल्या. परक्या मुलखात अजाण माणसाचं व्रत मोडू नये म्हणून त्यांनी हळूच ते बोट बाजूला केलं, खालच्या फळीवरून पालक आणि रिकोटा चीजचा रोल काढून कागदी पिशवीत घातला, आणि काही केल्या पैसे घेईनात. भावजींनी तो दोन्ही हातांनी घेतला. दुसरं काय करणार?

गाडीत ताईने विचारलं, "काय आणलंत?"

"पालक," भावजी म्हणाले.

"बघा," ताई म्हणाली, "आजी होती म्हणून."