बाई बाई, सायकल खांद्यावर घेतात म्हणे!

भोर-वेल्ह्याकडे सध्या काय चाललंय, कळलं का? (वेल्हे कागदोपत्री आता राजगड तालुका झाला, पण तोंडातलं नाव इतक्यात कुठलं जायला!) रविवारी नीट उजाडतही नाही तोच पुण्याच्या मोटारी नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावर वळतात. मागे सायकली बांधलेल्या. म्हणजे सायकलवर बसून यायचं सोडून सायकललाच गाडीतून फिरवून आणायचं!

आणि सायकल तरी कसली? मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँडसुद्धा नाही. थांबलं की सरळ गवतात आडवी. किंमत विचारू नये. त्या पैशात दावणीला दुभती म्हैस येईल, वर वर्षाचा कडबा. हँडलवरचा खटका दाबून वजन टाकलं की सीट खाली जाते, पुन्हा दाबला की वर. टायरात ट्यूबच नसते. आत पांढरं पातळ सीलंट. बाभळीचा काटा घुसला तर ते भोकाशी येऊन घट्ट होतं, गळती बंद. पंक्चरवाल्याच्या पोटावर उघड उघड पाय! शिवाय हवा मुद्दाम कमी भरतात, दगडमातीत पकड यावी म्हणून. ती नेमकी किती कमी, यावर चांगली शिकलेली माणसं फाट्यावर चहा निवेपर्यंत भांडतात.

बरं, जातात कुठे? पाबे घाटाचा डांबरी रस्ता आहे की! पण तो साध्या सायकलवाल्यांचा. या मंडळींना गुरांच्या वाटा लागतात. केळदच्या पठारावरून मढे घाटाच्या माथ्यापर्यंत धोंडे तुडवत जायचं. तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटाने उमरठला नेला, असं परंपरा सांगते. उन्हाळ्यात भाटघरचं पाणी उतरलं आणि कांबरेश्वराचं बुडालेलं देऊळ उघडं पडलं, की धरणाच्या कोरड्या काठाने धुरळा उडवायचा. चढ फारच अंगावर आला, तर सायकल उचलून खांद्यावर. एवढे पैसे मोजून शेवटी हमालीच!

खूळ मूळचं कॅलिफोर्नियाचं. १९७६च्या ऑक्टोबरात तिथल्या काही पोरांनी जुन्या जाडजूड सायकली डोंगरावरून खाली सोडायची शर्यत लावली. ब्रेक एवढे तापत, की ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं भरावं लागे. त्यावरून शर्यतीचं नाव पडलं ‘रीपॅक’. वीस वर्षांनी, १९९६ला, हेच उद्योग अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये! आपल्याकडे पुण्याच्या ‘एन्ड्युरो-३’ स्पर्धेने सायकल, डोंगर आणि पाणी एकाच दोरीत बांधून लोकांना आधीच नादी लावलं होतं. मग जानेवारी २०२६मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटरची. परदेशी सायकलपटू आले, त्यांच्यासाठी रस्ते गुळगुळीत झाले. आता तरी ही मंडळी रस्त्यावर येतील? नाव नको!

खरं सांगू? चिखलात लोळायची हौस ज्याची त्याने करावी. सिनेमाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा बरी. पण एका गोष्टीत आमची बोंब खोटी नाही. इथे आंबेमोहोराची खाचरं आहेत. ओल्या बांधावर चाक गेलं की चरी पडते, पुढच्या सरीला पाणी त्या चरीतून वाट काढतं, बांध फुटतो आणि खाचर रिकामं होतं. तुमची रविवारची गंमत, शेतकऱ्याचं अख्ख्या हंगामाचं नुकसान.

तेव्हा या, खुशाल या. पण पावसाळ्यात बांधावर चाक घालू नका, गडाच्या पायऱ्यांवरून सायकली उडवू नका, समोरून गुरं आली की खाली उतरा. आणि पिठलं-भाकरी गावातच खा. पैसे मात्र रोख आणा; डोंगरात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.