करंट कुठं गेला?

माहुलमध्ये ठिणगीला कुणी थारा देत नाही. शेजारी दोन-दोन रिफायनऱ्या, त्यांच्या गोल टाक्या, कुंपणावर लाल अक्षरांतल्या सूचना. गेटवर काडेपेटी काढून घेतात, टँकरच्या सायलेन्सरला ठिणगी अडवणारं यंत्र लागतं, बिडी ओढायची तर आधी वाऱ्याची दिशा बघणारे लोक इथे आहेत. अशा गावात एक माणूस दिवसभर ठिणगी शोधत हिंडतो. गाव त्याला दादूस म्हणतं.

दादूस मेकॅनिक नाही. तसं म्हटलेलं त्याला खपत नाही. "मेकॅनिक पार्ट बदलतो. मी फॉल्ट काढतो." एका कारखान्याच्या मेंटेनन्समधून तो निवृत्त झाला आणि ग्रॅच्युइटीबरोबर एक टेस्ट लॅम्प घरी घेऊन आला: होल्डर, बल्ब, दोन वायरी आणि एका टोकाला मगरीच्या जबड्याचा चिमटा. मल्टिमीटर मुलाने आणून दिला होता, तो डब्यातच आहे. आकडा खोटं बोलू शकतो, बल्ब बोलत नाही, असं त्याचं मत.

बंद पडलेल्या जुन्या गाडीभोवती गोळा होणाऱ्या माणसांत तो हमखास ओळखू येतो. बाकीचे सल्ले देतात, धक्का मारतात, पेट्रोल आहे का विचारतात. हा गप्प उभा राहतो. मग सगळे थकले की पुढे होऊन हळूच विचारतो, "करंट बघितला?"

आमच्या सासऱ्यांची प्रीमियर पद्मिनी म्हणजे दादूसचं चालतंबोलतं विद्यापीठ. खरं तर न चालतं. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगपाशी गिअर असलेली. सासरे तिला विकत नाहीत, कारण विकली तर दादूस कुठे जाणार, हा प्रश्न त्यांनाही पडतो. गाडी मिसिंग मारतेय म्हटलं की चौकशी सुरू. थंड असताना की गरम झाल्यावर? चढाला की सपाटीला? हेडलाइट लावल्यावर वाढतं का? काल पाऊस होता? सासरे म्हणतात, "अरे, तू बघ ना!" दादूस म्हणतो, "मी तेच तर बघतोय."

आणि मग तो खरंच बघतो. आधी बॅटरीचे टर्मिनल. खाडीची खारी हवा इथे तांब्या-पितळेवर हिरवी बुरशी चढवते, त्यामुळे अर्धे फॉल्ट इथेच निघतात आणि दादूस खट्टू होतो. इतक्या लवकर सापडलेला फॉल्ट त्याला फसवणूक वाटतो. टर्मिनल स्वच्छ निघाले की त्याला उत्साह येतो. मग अर्थिंगची पट्टी, मग फ्यूज, मग कॉइल. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमधून निघताना वीस हजारांच्या घरात जातात, हे तो अशा थाटात सांगतो की जणू ते त्याच्या सहीने वाढतात. शेवटी डेलको. कंपनीच्या पुस्तकात त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात, पण पुस्तक वाचून कुणी गाडी दुरुस्त केल्याचं माहुलमध्ये ऐकिवात नाही.

डेलकोचं झाकण उघडलं की दादूसचा आवाज खाली येतो. आत पॉइंट, कंडेन्सर, रोटर. पॉइंटचं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. त्यासाठी त्याच्याकडे फीलर गेज आहे, पण तो लग्नाच्या आमंत्रणाचा पुठ्ठा वापरतो. पॉइंट काळे पडून जळले असतील तर कंडेन्सर गेला. झाकणाच्या आत केसाएवढी काळी रेघ दिसली तर करंट परस्पर तिकडून पळतोय. जुलैत दमटपणा आत शिरतो, तेव्हा झाकण आणि प्लग आमच्या स्वयंपाकघरात येतात आणि मंद गॅसवर शेकले जातात. सासूबाईंनी एकदा विचारलं, बोंबील आधी भाजू की हे? दादूसने निरागसपणे उत्तर दिलं, "बोंबलाला दम हाय."

त्याच्या पद्धतीतला एकच दोष म्हणजे वायर कायम दुसऱ्याने धरायची असते. "धर, काय नाय होत." ज्याने एकदा धरली तो पुढच्या वेळी नेमका दूध आणायला गेलेला असतो. रात्रीची तपासणी आणखी वेगळी. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं की फुटक्या प्लग-वायरीतून निळ्या ठिणग्या निसटताना दिसतात. त्यासाठी तो आख्ख्या गल्लीला दिवे घालवायला लावतो. आठ-दहा घरं मुकाट्याने अंधारात बसतात. मालिका बुडालेल्या बायका खिडकीतून विचारतात, "दिसला का रं तुझा करंट?"

फॉल्ट सापडला की मात्र त्याचा रस संपतो. "कंडेन्सर," एवढं बोलून तो हात पुसतो आणि निघतो. तो बदलायचा कुणी, झाकण लावायचं कुणी, १-३-४-२ हा क्रम सांभाळून वायरी जोडायच्या कुणी, हे क्षुद्र प्रश्न. व्यवस्थित चालणाऱ्या गाडीकडे तो बघतही नाही. त्याचा खरा आदर अशा फॉल्टला, जो गॅरेजात गेला की गायब होतो आणि फ्रीवेवर परत येतो. त्याला तो 'लबाड' म्हणतो, आणि म्हणताना हसतो. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा लोक तिच्याबरोबर फोटो काढत होते. दादूसचं दुःख वेगळं होतं. इतके फॉल्ट रस्त्यावरून एकदम नाहीसे झाले.

गेल्या वर्षी गल्लीतल्या एका मुलाने आखातातून व्हिडिओ कॉल लावला. मित्राने जुनी माझदा आरएक्स-७ घेतलेली, गरम झाली की आचके देते. दादूसने विचारलं, पिस्टन किती? पिस्टन नाहीच. वाल्व? तेही नाहीत. दादूस काही वेळ मोबाइलकडे संशयाने बघत राहिला. पोराने समजावलं: वांकेल नावाच्या जर्मन माणसाची कल्पना, माझदाने १९६७ साली ती कॉस्मो गाडीत घातली, आत त्रिकोणी रोटर फिरतो, एकेका रोटरला दोन-दोन प्लग, एक आधी पेटतो, दुसरा जरा मागून.

"म्हणजे कॉइल पण दोन तऱ्हेच्या?"

"हो."

दादूस खुर्चीवरून उठलाच. "मंग पिस्टनशी आपल्याला काय करायचंय? कॉइल अदलाबदल कर. फॉल्ट जागा बदलतो का बघ. आधीचा प्लग मेला तर गाडी रडेल, मागचा मेला तर नुसती कुरकुरेल." पोरगा हो-हो म्हणत राहिला. चार दिवस दादूस फोन खिशातून काढेना. शेवटी निरोप आला: इंजिनाच्या अर्थिंगची पट्टी गंजली होती. दादूस संध्याकाळभर कुणाशी बोलला नाही. इतकी शिकलेली गाडी, आणि फॉल्ट माहुलचा!

आता समोरच्या बिल्डिंगीत इलेक्ट्रिक कार आली आहे. डेलको नाही, पॉइंट नाही, प्लग नाही. दादूस तिच्याभोवती रोज एक चक्कर मारायचा आणि मान हलवत परत यायचा. मालकाच्या मुलाने परवा बोलता बोलता सांगितलं, की दिवे-हॉर्नसाठी हिच्यातही साधी १२ व्होल्टची बॅटरी असते, आणि ती उतरली तर एवढी मोठी गाडी जागची हलत नाही.

"कुठं असते?" दादूसने विचारलं, आणि उत्तर यायच्या आत घराकडे वळून ओरडला, "ए, माझा दहा नंबरचा पाना आण रं!"